राणीमाशी येते, वसाहत का नाही?

प्रश्न : माझा भाचा इंग्लंडमध्ये मधमाश्या पाळतो. पूर्वी तो वसंतात इटलीहून माश्यांच्या वसाहती मागवीत असे. आता फक्त राणीमाशी मागवता येते, असे तो म्हणतो. हे खरे आहे का?
– एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : होय, खरे आहे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ पासून संघातील देशांतून ग्रेट ब्रिटनमध्ये पूर्ण वसाहती किंवा हजारो माश्यांची पॅकेजेस आणण्यास बंदी आली. आरोग्य प्रमाणपत्रासह राणीमाशी आणि तिच्या सोबतच्या मोजक्या कामकरी माश्या मात्र आणता येतात. एका राणीवरून वसाहत उभी राहायला हंगामाचा मोठा भाग जातो, म्हणून फळबागांच्या परागीभवनावर पोट असलेल्यांना हा नियम जाचतो, आणि त्यांची तक्रार मला रास्त वाटते. तरीही माश्यांबरोबर कीड येईल ही नियमामागील भीती निराधार नाही. इटलीच्या कॅलाब्रिया प्रांतात २०१४ मध्ये छोटा पोळेभुंगेरा (मधमाश्यांच्या पोळ्यांत वाढणारा कीटक) सापडला. त्याच्या अळ्या पोळी पोखरतात आणि मध आंबवतात. लहान पिंजऱ्यातील राणी व तिच्या सोबतिणी एकेक करून तपासता येतात, पेटीभर माश्या तशा तपासता येत नाहीत. आपल्याकडेही १९९०च्या दशकात थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिणेतील सातेरी या देशी मधमाश्यांच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. भाच्याने स्थानिक मधमाशीपालकांकडून वसाहती घ्याव्यात आणि राण्यांची मागणी हिवाळ्यातच नोंदवावी.