लेकीच्या गालावरचा डाग, दहा सिटिंगचं पॅकेज आणि पर्सनल लोन

दादा, तुमचा मेसेज नीट वाचला. लातूरला प्रायव्हेट नोकरी, पगार ३६ हजार, सगळं भागवून महिन्याला नऊएक हजार उरतात, एफडी १ लाख ८० हजाराची. लेक पाच वर्षांची, गालापासून वरच्या पापणीपर्यंत लालसर-जांभळा डाग, स्किनच्या डॉक्टरांनी पोर्ट-वाइन स्टेन, म्हणजे रक्तवाहिन्यांमुळं जन्मापासून असणारा डाग, सांगितलाय. पुण्याचं क्लिनिक म्हणायलंय की लेझरच्या दहा सिटिंगचं पॅकेज घ्या, १ लाख ४० हजार आधी भरा, सुटी सिटिंग १७ हजाराला पडेल. आणि तुम्ही विचारायलात की पर्सनल लोन काढू, एफडी मोडू का बायकोचं सोनं ठेवू.

माझं म्हणणं, तिन्ही नको. ट्रीटमेंट करा, पॅकेज घेऊ नका.

लोनचा हिशोब बघा आधी. १६ टक्क्यानं दोन वर्षांचं धरलं तर हप्ता ६,८५५ च्या आसपास, म्हणजे एकूण जातात १ लाख साडेचौसष्ट हजार. सुट्या दहा सिटिंग केल्या तर १ लाख ७० हजार. म्हणजे ज्या तीस हजाराच्या डिस्काउंटला भुललात त्यातले साडेचोवीस हजार बँकेनंच नेले, प्रोसेसिंग फी वेगळीच, आणि हे पण दहाच्या दहा सिटिंग झाल्या तरच. सहा सिटिंगनंतर डॉक्टर म्हणाले आता फार फरक पडणार नाही, किंवा लेकरूच टेबलावर झोपायला तयार नाही झालं, तर सुट्याचे १ लाख २ हजारच गेले असते, लोनवाले मात्र पूर्ण भरायचेत.

आणि ह्यात सिटिंग किती लागतील हे कुणी आधी छातीठोक सांगू शकत नाही. पल्स्ड डाय लेझरनं (ह्या डागासाठी वापरतात ते लेझर) बऱ्याच जणांचा डाग फिकट होतो, पूर्ण जाणारे थोडे, आणि काहींचा काही वर्षांनी परत थोडा गडद होतो. अशा गोष्टीचे पैसे आगाऊ कशाला द्यायचे?

आता गंमत अशी की दोन सिटिंगमध्ये डॉक्टर तसंही काही आठवड्यांचं अंतर ठेवतात. तुमच्या डॉक्टरांनी दोन महिने सांगितलेत, म्हणजे महिन्याला साडेआठ हजार, तेवढे तुमचे उरतातच की! हाच तुमचा बिनव्याजी हप्ता. प्रवासासाठी लेकीच्या सुकन्या समृद्धी खात्यात भरता ते दोन हजार काही दिवस थांबवा, वर्षाला २५० भरले तरी खातं चालू राहतं. (सुकन्यातून ह्या कामाला पैसे काढायचा विचार असेल तर सोडून द्या, ते अठरा वर्षं किंवा दहावीनंतर शिक्षणालाच निघतात, ते पण अर्धेच.) लेकीसोबत आई गेली तर एसटीला दोघींचं पण अर्धं तिकीट. एफडीला हात लावू नका, घरात दुसरी काहीच सोय दिसत नाही तुमची.

शेजारचे म्हणायलेत थांबा, आमच्या भाच्याचा आपोआप गेला. त्याचा बहुतेक हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, असणार, तो पहिल्या काही महिन्यांत वाढतो आणि मग वर्षा-वर्षानं ओसरतो. पोर्ट-वाइन तसा जात नाही, वयाबरोबर गडद आणि जाड होत जातो, आणि लेझर लहानपणी जास्त चांगला लागतो. त्यामुळं पैसे साठवून दहावीनंतर बघू असं करू नका. ग्रहणाचं जे घरचे बोलायलेत ते ऐकून सोडा, त्या माऊलीला उगं दोष.

पण लेझरच्या आधी एक खर्च करा, डोळ्याच्या डॉक्टरांचा. डाग पापणीवर आहे म्हणून काचबिंदू तपासावा लागतो, आणि कधी फिटचे झटके आले असतील तर ते पण सांगा. पहिला पैसा इथं. संभाजीनगरच्या घाटी ह्या सरकारी दवाखान्यात स्किन आणि डोळे दोन्ही डिपार्टमेंट आहेत, दुसरं मत कमी पैशात मिळेल.

इन्शुरन्सवर फार भरवसा नको. कॉस्मेटिक आणि बाहेरून दिसणारा जन्मजात दोष, दोन्ही कारणं सांगून क्लेम नाकारतात, त्यात ॲडमिट न होता केलेलं काम. तरी कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे म्हणालात, एचआरला लेखी विचारा, कधीकधी ग्रुपमध्ये सूट असते.

कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी वेगळा लावलाय ते पण विचारा. कॉस्मेटिक सर्जरीला जीएसटी आहे, पण जन्मजात दोष दुरुस्त करायला केली तर सूट आहे. बिलावर निदान लिहून घ्या आणि त्यांच्या अकाउंटंटशी बोला. सोबत हे पण विचारा की मशीन पल्स्ड डायच आहे का दुसरंच काही, आणि लेकराला भूल द्यावी लागली तर त्याचं बिल कोण धरणार, कारण १७ हजारात ते बसत नसेल तर माझा वरचा सगळा हिशोब बदलतो.

सिटिंगनंतर काळे-निळे डाग आठ-पंधरा दिवस राहतात, ऊन चालत नाही. आपल्याकडचा एप्रिल-मे सोडून तारखा घ्या. तीन सिटिंग झाल्या की आधीचे फोटो आणि आत्ताचे शेजारी ठेवून बघा, फरक दिसला तर पुढं, नाही दिसला तर चौथीचे १७ हजार भरायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.