वडावरची वस्ती आणि तुझा पहिला उन्हाळा

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

नगरपरिषदेच्या उद्यान विभागात रुजू झालीस आणि लगेच तुझ्या टेबलावर वडावरच्या वटवाघळांविरुद्ध सह्यांचा अर्ज येऊन पडला. फटाके वाजवून उठवू का, फांद्या उतरवू का, असं विचारलंस. दोन्ही करू नकोस. वटवाघळं आहेत तिथे राहू द्यायची आणि त्यांच्याखालची बाकं हलवायची, हे माझं ठाम मत आहे.

उठवलेली वस्ती गाव सोडून जात नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या वनस्पती उद्यानातून 2003 मध्ये आणि सिडनीच्या उद्यानातून 2012 मध्ये मोठमोठे आवाज लावून वटवाघळं हलवली. त्यावर पाण्यासारखा पैसा गेला. तिथल्या अशा मोहिमांचा हिशेब मांडला, तेव्हा बहुतेक ठिकाणी वस्ती जवळच दुसऱ्या झाडांवर बसलेली आढळली. तुझ्या गावात या वडानंतरचं मोठं झाड कोणतं, ते बघ. शाळेच्या आवारातली चिंच असेल नाहीतर दवाखान्यामागची निलगिरी. तिथून येणारा अर्ज याहून जड असेल.

तक्रारी मात्र खऱ्या आहेत, उडवून लावू नकोस. वास येतोच. तो विष्ठेपेक्षा नरांच्या अंगच्या ग्रंथींचा असतो, म्हणून पावसाळ्यात, मिलनाच्या दिवसांत तो वाढतो आणि कलकलाटही वाढतो. फिनाईलने तो जायचा नाही. फिरायचा रस्ता फांद्यांच्या घेराबाहेरून वळव, पिण्याच्या पाण्याची टाकी झाकून घे, घसरगुंडी दुसऱ्या टोकाला ने. कुणाच्या पत्र्यावर आलेली फांदी कमी करावीच लागली तर ऑक्टोबर ते डिसेंबरात कर, आणि 1975 च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आधी घे. फेब्रुवारीपासून माद्या वितात. वर्षाला एकच पिल्लू, सुरुवातीला आईच्या छातीला चिकटलेलं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोका बांधायला पोरी याच वडाची फांदी मागतील. त्यांना आधीच एखादा कडुनिंब दाखवून ठेव.

अर्जात एखादा केळीवाला असेलच. त्याच्यासोबत वावरात जा. आपल्याकडे रावेर-यावलचा घड हिरवा असतानाच कापून ट्रकमध्ये चढतो, आणि वटवाघूळ पिकल्या फळाच्या वासावर येतं. त्याला मिळतो तो झाडावर राहून गेलेला पिवळा घड. पेरू-चिकूचं नुकसान मात्र होतं. तिथे जाळी सुचव, पण तिच्या छिद्रात बोट जाता कामा नये आणि ती ताणून बांधलेली हवी. सैल, मोठ्या छिद्रांच्या जाळीत पंख गुंतून जनावर रात्रभर तडफडतं.

तक्रारदारांना एकदा सकाळी वडाखाली बोलाव. जमिनीवर चोथ्याच्या चपट्या, वाळक्या गोळ्या पडलेल्या असतात. वटवाघूळ फळ टाळूवर दाबून रस गिळतं आणि चोथा थुंकतं. विष्ठा काडीने पसरलीस तर उंबर-पिंपळाचं मोहरीहून बारीक बी दिसेल. हेच बी रात्री मैलोनमैल जातं. सातपुड्यात मोहाचं फळ आईझाडापासून लांब नेणाऱ्यांतही हीच मंडळी आहेत. हातात काडी धरून हे पाहिलेला माणूस पुढच्या बैठकीत वेगळं बोलतो.

आता खरं काळजीचं. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात 45 च्या वर जातो आणि वटवाघळं 42 च्या पुढे कोसळू लागतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये जानेवारी 2014 मध्ये एका उष्ण दिवशी किमान 45,500 मेली. आपल्याकडे मे 2020 मध्ये गोरखपूर जिल्ह्यात शेकडो मेली, तपासणीत कारण उन्हाचं निघालं. दुपारी एकनंतर दुर्बीण घेऊन उभी राहा. आधी ती पंखाने वारा घेतात, मग सावलीकडे सरकतात, मग तोंड उघडून धापा टाकतात आणि लाळ अंगाला, पंखांना चोळतात. शेवटी खोडाला एकमेकांवर गठ्ठा करून लटकतात. गठ्ठा दिसण्याची वाट बघू नकोस, धापा दिसल्या की बारीक तुषाराचा फवारा सुरू कर. आपली हवा कोरडी, त्यामुळे तो लागू पडतो. अग्निशमनच्या बंबाचा जोरदार झोत मात्र नको, त्याने ती उन्हात उडतात आणि जास्त मरतात. त्याहून महत्त्वाचं काम आत्ता करायचं आहे. वडाखालची झुडपं "स्वच्छता" म्हणून काढू देऊ नकोस, पाराभोवती काँक्रीट टाकू देऊ नकोस. खाली उतरायला त्यांना तीच गार जागा असते. जवळ एक उघडा पाणवठाही हवा, कारण उडता उडता पोट बुडवून ती केसांवरचं पाणी चाटतात. गिरणा-पांझरा आटल्यावर त्यांनी जायचं कुठे?

निपाह विषाणूच्या आजाराचा प्रश्न विचारला जाईल. घाबरवू नकोस, लपवूही नकोस. 2018 च्या केरळच्या साथीचं मूळ फळं खाणाऱ्या वटवाघळांकडेच गेलं होतं. उष्टं फळ खायचं नाही, पडलेल्या जनावराला उघडा हात लावायचा नाही. चावलंच तर साबणाने पंधरा मिनिटं धुऊन रेबीजची लस. पिल्लू सापडलं तर वर पुठ्ठ्याचा खोका उपडा घाल आणि वनविभागाच्या 1926 वर फोन कर.

कोणी तेलासाठी मारायला आलं तर थेट वनविभागाला कळव. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ही जनावरं कावळे-उंदरांसोबत उपद्रवी यादीत होती, 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच रद्द झाली. हे अर्जाच्या उत्तरात लिही. त्याआधी सलग काही संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर, एकाच जागेवरून उडणारी वटवाघळं मोज आणि आकडा रजिस्टरला चढव. बैठकीत "हजारो" म्हणणाऱ्यांसमोर तोच ठेवायचा आहे.

कळावे,
तुझे सर