मंगरूळ, पण कुठलं?

प्रश्न : सर, 2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा आमच्या गावची वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइलही मुके झाले. माझा नववीतला मुलगा म्हणतो, हॅम रेडिओ (हौशी लोकांचा बिनतारी संच) घेऊ, त्याला टॉवर लागत नाही. खरं आहे का? ऑनलाइन मिळणारा वॉकीटॉकी पुरेल का?
– एक शिक्षिका, परंडा तालुका

उत्तर : ताई, खरं आहे. पण वॉकीटॉकीची ऑर्डर आधी रद्द करा. एकतर हॅमच्या लहरींवर लायसन्सशिवाय तो वापरणं गुन्हा आहे. दुसरं म्हणजे त्याच्या 145 मेगाहर्ट्‌झच्या लहरी नाकासमोर चालतात. बालाघाटाची एक टेकडी आडवी आली की संपलं.

पुरात कामाला येतो तो हॅम सेटचा 7 मेगाहर्ट्‌झचा पट्टा. अँटेना म्हणून वीस मीटर तांब्याची तार मधोमध तोडायची, दोन्ही तुकडे लिंबाच्या झाडांना चार-पाच मीटरवर बांधायचे आणि सेट ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडायचा. तार इतकी खाली असली की लहरी सरळ वर जातात आणि वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून खाली पसरतात. छताला पाइपनं पाणी मारल्यावर खोलीभर उडतं, तसं. दिवसा दोन-तीनशे किलोमीटरचा मुलूख भिजतो. रात्री मात्र कधी परदेश ऐकू येतो आणि शेजारचा जिल्हा गप्प.

हे झालं यंत्राचं. माझी फजिती यंत्रानं केली नाही, माझ्या पेन्सिलीनं केली.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3.56. मी लातूरला पॉलिटेक्निकला होतो, विसर्जन आटोपून नुकताच पडलो होतो. किल्लारीचा भूकंप. आमच्या एका सरांकडे हॅमचं लायसन्स होतं. त्यांनी सेट लावला आणि माझ्या हातात वही दिली. तिसऱ्या दिवशी निरोप आला : मंगरूळला ताडपत्र्या आणि धनुर्वाताची इंजेक्शनं पाठवा. मी लिहिलं ‘मंगरूळ’ आणि कागद पुढे दिला. भुईसपाट झालं होतं ते औसा तालुक्यातलं. ट्रक संध्याकाळी तुळजापूर तालुक्यातल्या मंगरूळची वाट विचारत होता. सर रागावले नाहीत. नुसती वही परत दिली आणि म्हणाले, “तालुका?” तो एक शब्द मला अजून ऐकू येतो.

तेव्हापासून माझ्या निरोपावर क्रमांक, वेळ, कोणाकडून, कोणाला, गाव-तालुका-जिल्हा आणि शब्दांची मोजणी असते. चौदा शब्द पाठवले तर पलीकडच्यानं चौदा मोजून परत वाचून दाखवायचे. गावाचं नाव खरखरीत बुडत असेल तर ‘म मडक्याचा, ग गणपतीचा’. सगळं जुळलं की मगच ‘रॉजर’. (रॉजर म्हणजे ‘ऐकलं’. ‘करतो’ नव्हे!)

म्हणून चिरंजीवांना आज एवढंच करायला सांगा : स्वयंपाकघरातून तुम्ही वाणसामानाची यादी एकदाच सांगायची, त्यानं ओसरीवर बसून लिहायची आणि मोठ्यानं परत वाचायची. मध्ये मिक्सर चालू ठेवा.

प्रश्न : लायसन्सला वयाची अट आहे का? मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक भाषा) यावंच लागतं का?
– एक विद्यार्थी, उदगीर

उत्तर : बारा वर्षं पुरी हवीत. परीक्षा केंद्राच्या दूरसंचार विभागाची असते. थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम. लायसन्सच्या रिस्ट्रिक्टेड, म्हणजे खालच्या ग्रेडला मोर्स लागत नाही, वरच्या जनरलला मिनिटाला आठ शब्द. तरी शीकच. गडगडाटात बोलणं कळेनासं होतं तेव्हा मोर्सची ती बारीक शिट्टी ऐकू येते. आणि लायसन्स येईपर्यंत एसएसबी (हॅमवाले ज्या पद्धतीनं बोलतात ती) ऐकू येणारा शॉर्टवेव्ह रिसीव्हर घेऊन सकाळी 7 मेगाहर्ट्‌झवर नुसता ऐकत बस. वही जवळ ठेव.