वाचकांचे प्रश्न : थरच्या वाटेवरचे अन्नपाणी

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबे मोटारीने जोधपूर, जैसलमेर, सम आणि तनोट असा प्रवास करणार आहोत. बरोबर सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत, त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. दोन शाळकरी मुलेही आहेत. रोज किती पाणी बरोबर ठेवावे? नुसते पाणी पुरेल, की मीठ-साखरेचे पाणीही द्यावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तहान लागली की पिऊ, हा आपला नेहमीचा हिशेब थरच्या वाळवंटात चुकतो. आपल्याकडे किनारपट्टीवर घाम अंगावर साचतो, कपडे भिजतात, आणि त्यामुळे शरीरातून पाणी गेल्याचे आपोआप कळते. जैसलमेरच्या कोरड्या हवेत तोच घाम दिसण्याआधी उडून जातो, त्वचा कोरडीच राहते आणि माणसाला वाटते की इथे फारसा घाम येत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडवर्ड अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांची पाहणी केली. पाणी हाताशी असले तरी माणूस गमावलेल्या पाण्याइतके आपणहून पीत नाही आणि ही तूट बऱ्याच अंशी जेवणाच्या वेळी भरून निघते, असे त्यांना आढळले. पाणी पुरवून पुरवून प्यायल्याने घाम कमी होत नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. म्हणून प्रवासात दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात : घड्याळ पाहून पाणी प्यावे आणि दुपारचे जेवण टाळू नये.

ऑक्टोबरच्या अखेरीसही तिथे दुपारी पारा ३५ अंशांच्या आसपास असतो. दिवस मुख्यतः गाडीत जाणार असेल तर मोठ्या माणसाला सर्व पेये मिळून ३ ते ४ लिटर पुरतात. किल्ला चढायचा असेल किंवा वाळूत चालायचे असेल तर त्यात लिटरभराची भर घालावी. गाडीत मात्र माणशी ५ लिटरच्या हिशेबाने साठा ठेवावा, कारण टायर पंक्चर झाले की दोन तास सहज मोडतात. चार माणसांना २० लिटरचा एक जार नेमका पुरतो. त्यातून प्रत्येकाने आपापली बाटली भरून घ्यावी. लहान बाटल्यांची खोकी विकत घेण्यापेक्षा हे स्वस्त पडते आणि वाळूत प्लास्टिकही पडत नाही. जोधपूर ते जैसलमेर हा सुमारे २८० किलोमीटरचा रस्ता वर्दळीचा असून पोखरणला सर्व काही मिळते. जैसलमेर ते तनोट हे सुमारे १२० किलोमीटरचे अंतर वेगळे आहे. वाटेत अर्ध्यावर रामगढ लागते. पाणी, चहा, खाणे हे सर्व तिथेच उरकून घ्यावे, कारण त्यापुढे दुकाने विरळ होत जातात.

एक गोष्ट संकोचामुळे बोलली जात नाही, पण तिच्यामुळे दरवर्षी अनेक स्त्रिया आजारी पडतात, म्हणून ती स्पष्टच लिहितो. रस्त्यात स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. डोकेदुखी, चक्कर, मूत्रमार्गाचा संसर्ग हे त्याचे सरळ परिणाम आहेत. यावर उपाय कमी पाणी पिणे हा नव्हे. दर दीड-दोन तासांनी चांगला ढाबा किंवा पेट्रोल पंप पाहून गाडी थांबवायची, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे आणि गाडी चालवणाऱ्याने कुरकुर न करता ते पाळावे.

आता मिठाबद्दल. दोन वेळचे नीट जेवण होत असेल तर घामावाटे गेलेले मीठ अन्नातून परत मिळते. ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेच्या पुडीचे पाणी, सरसकट पीत राहण्याची गरज नाही. उन्हात बराच वेळ चालणे झाले, जेवण चुकले किंवा उलट्या-जुलाब झाले, तर मात्र ते हवेच. अशा वेळी पोटात काही नसताना नुसते पाणी भराभर पिण्यानेही रक्तातील सोडियम उतरून त्रास होऊ शकतो. औषधाच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी घ्यावी आणि ती एक लिटर पाण्यासाठी आहे की २०० मिलिलिटरसाठी, हे तीवर वाचून मगच विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, यापेक्षा जास्त नाही.

सासूबाईंच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी लागेल. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे त्या ‘नको’ म्हणाल्या तरी तासाभराने अर्धा पेला पाणी हातात द्यावे. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीचे प्रमाण वाढवतात. त्यांची गोळी तशी आहे का, प्रवासात मात्रा बदलायची का आणि हृदय किंवा मूत्रपिंडामुळे पाण्यावर काही मर्यादा आहे का, हे डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. जुलाब नसताना त्यांना ओआरएस देऊ नये. लघवी गडद पिवळी होणे, ती फार वेळाने होणे ही पाणी कमी पडत असल्याची खूण समजावी. कोणी असंबद्ध बोलू लागले आणि अंग तापलेले असले, तर तोंडात पाणी ओतण्याच्या भरीस न पडता सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि रुग्णालय गाठावे.

प्रश्न : राजस्थानात जाऊन पोट बिघडले, असे बरेच जण सांगतात. तिथले जेवण तिखट आणि तुपकट असते, म्हणून घरचेच खाणे न्यावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पोट बिघडते ते बहुधा तिथल्या मूळ जेवणाने नव्हे, तर आपण तिथे मागतो त्या जेवणाने, असे माझे ठाम मत आहे. समच्या वाळूतील तंबूंच्या मुक्कामी संध्याकाळी जी लांबलचक मेजवानी मांडलेली असते, तीत चिरून ठेवलेली काकडी, कांदा, पनीर, दही घातलेली कोशिंबीर असे बरेच काही असते. त्यांतल्या अनेक ठिकाणी पाणी टँकरने येते आणि भाज्या त्याच पाण्याने धुतल्या जातात. आपल्यासमोर तव्यावरून उतरलेली भाकरी आणि उकळती कढी सोडून ती काकडी खाण्यात काहीच शहाणपणा नाही.

थरचे स्वयंपाकघर पाण्याच्या आणि हिरव्या भाजीच्या टंचाईतून घडले आहे, आणि म्हणूनच ते प्रवाशाला मानवते. गट्टे (बेसनाचे उकडलेले तुकडे), मंगोडी (मूगडाळीचे वाळवलेले सांडगे), पापडाची भाजी ही सगळी कोरड्या साठवणीतली कालवणे आहेत आणि त्यांच्या रश्शाला पाण्याऐवजी बरेचदा ताक वापरतात. केर-सांगरी तर आवर्जून खावी. केर म्हणजे तिथल्या एका काटेरी झुडपाची बारीक फळे आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या, आपण दसऱ्याला पुजतो त्या शमीच्या, कोवळ्या शेंगा. वाळल्यावर त्या बारीक तपकिरी काड्यांसारख्या दिसतात. रात्रभर भिजवून, उकडून, सुक्या लाल मिरच्या, ओवा आणि आमचूर घालून तेलावर परतल्या की भाजी तयार होते, आणि तीत पाण्याचा अंश इतका कमी असतो की ती दोन-तीन दिवस सहज टिकते. (१७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावी अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले, ते याच झाडांसाठी.) बाजरीचे पीठ ताकात शिजवून केलेली राबडी आपल्या आंबिलीच्या जवळची आहे, उन्हातून आल्यावर ती पोटाला शांत वाटते. भाकरीवरचे तूप कमी घाला असे सांगितले की कमी घालतात. तिखटाचा बराचसा भाग लसणाच्या चटणीत असतो, ती मुलांच्या ताटात घेऊ नये.

घरून थोडेच न्यावे, पण नीट निवडून. दुधात भिजवलेल्या दशम्या, गुळपोळ्या, शेंगदाण्याची चटणी, खजूर, भाजलेले चणे हे पदार्थ योग्य. त्या कोरड्या हवेत बुरशीची भीती कमी, मात्र पोळ्या उघड्या राहिल्या तर तासाभरात कडक होतात, म्हणून त्या कापडात गुंडाळून घट्ट डब्यात ठेवाव्यात. खारट चिवड्याच्या आणि भुजियाच्या पुड्या दिवसभर फोडत राहू नये. त्यांनी तहान वाढते आणि जेवण मात्र मारले जाते.

प्रश्न : गावातील ढाण्यांवर लोक फार अगत्याने पाणी आणि चहा देतात. ते पाणी प्यावे का? नाही म्हटले तर अपमान होतो का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ढाणी म्हणजे शेतातील एकाकी वस्ती. तिथले पाणी अनेकदा टांक्यातले असते. टांका म्हणजे जमिनीत खोदून गिलावा केलेली, वरून झाकलेली टाकी. भोवतालचे अंगण तिच्याकडे उतरते केलेले असते आणि पावसाचे पाणी त्या उतारावरून छोट्या भोकांतून आत जाते. जैसलमेर जिल्ह्यात वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस नेहमी पडत नाही, आणि अनेक ठिकाणचे भूजल खारे किंवा फ्लोराइडयुक्त आहे. इंदिरा गांधी कालव्याने पंजाबातील हरिके बंधाऱ्याचे पाणी या जिल्ह्यापर्यंत आणले असले तरी दूरच्या वस्त्यांना टांक्याचा आधार आजही वाटतो. तेव्हा त्या तांब्यातील पाण्याचे मोल ओळखावे. भरलेला पेला घेऊन दोन घोट पिऊन उरलेले वाळूत ओतणे ही तिथे मोठी असभ्यता आहे.

टांक्याचे पाणी खारे नसले तरी गाळलेले-उकळलेले असतेच असे नाही आणि आपल्या पोटाला त्याची सवय नसते. पाणी नको असेल तर पेला हाती घेण्याआधीच हात जोडून ‘चहा घेऊ’ असे सांगावे. दुधात उकळलेला चहा सुरक्षित असतो आणि तो मागितल्याचे यजमानाला कधीच वाईट वाटत नाही. ताक मात्र ते कोणत्या पाण्यात घुसळले आहे हे कळत नसेल तर गोडीगुलाबीने टाळावे. बाडमेर-जोधपूरकडील काही गावांत पाहुण्यापुढे ओंजळीतून ‘अमल’ धरण्याची जुनी रीत आहे. ते पाण्यात कालवलेले अफू असते. ते बाळगणे व सेवन करणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि उन्हाने थकलेल्या शरीराला ते घातकही आहे. हात जोडून नम्रपणे नकार द्यावा आणि मुलांना हे आधीच सांगून ठेवावे.