नोकरी धरली की उद्योग राहूनच जाईल?

व्यवस्थापनाच्या शेवटच्या सत्रातली मुलं-मुली पुढच्या वाटेविषयी सल्ला घ्यायला माझ्याकडे येतात, तेव्हा एक भीती हटकून निघते. "मॅडम, एकदा पगाराची सवय लागली की संपलं. पुन्हा धाडस होणार नाही." असं म्हणणाऱ्या एका मुलाविषयी लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्याच्यासमोर तीन वाटा होत्या. मोठ्या कंपनीच्या मुख्यालयात धोरण विभागातली जागा, पगार उत्तम. मध्यम आकाराच्या कंपनीत वितरणाचं काम, हाताखाली माणसं, पगार बराच कमी. आणि वर्गमित्राचा आग्रह, की लगेच आपली कंपनी काढू. डोक्यावर शैक्षणिक कर्ज होतं. वडील पहिल्या वाटेवर ठाम होते. तो तिसरीवर अडून बसला होता, कारण नोकरी म्हणजे माघार असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

मी विचारलं, "तुमच्या कल्पनेसाठी आजवर कुणी पैसे मोजलेत?"

नव्हते मोजले. स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं, सादरीकरण देखणं होतं. पण ज्यांना सेवा विकायची, त्यांच्यापैकी एकाशीही बोलणं झालेलं नव्हतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वर्गातल्या केस स्टडीत माहिती आधीच गोळा करून हातात दिलेली असते. बाहेर ती दारोदार फिरून मिळवावी लागते.

'आत्ता नाही तर कधीच नाही' ही घाई उतरवणं मला सर्वांत गरजेचं वाटलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, सर्वाधिक वेगाने वाढलेल्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सुरुवातीचं सरासरी वय ४५ निघालं, आणि त्याच क्षेत्रात आधी काम केलेल्यांची यशाची शक्यता जास्त दिसली. फाल्गुनी नायर अहमदाबादच्या आयआयएममधून १९८५ मध्ये बाहेर पडल्या. सौंदर्यप्रसाधनं विकणारी त्यांची कंपनी नायका सुरू झाली २०१२ मध्ये, मधली बरीच वर्षं गुंतवणूक बँकिंगमध्ये गेली. फिल नाइट यांनी स्टॅनफर्डला शिकताना जपानी बुटांच्या धंद्यावर निबंध लिहिला, १९६४ मध्ये भागीदारीत कंपनी काढली, तरी १९६९ पर्यंत ते पोटापाण्यासाठी दुसरं काम करत होते. पुढे तीच कंपनी नायकी झाली.

म्हणून नोकरी घ्यावी की नाही, यापेक्षा कोणती घ्यावी यावर आम्ही जास्त वेळ दिला. माणूस नेमायचा किंवा काढायचा निर्णय तुझा असेल का? खर्चाचा आकडा कुणाच्या नावावर लागेल? माल वेळेत गेला नाही तर चिडलेल्या ग्राहकाचा फोन कोण घेईल? धोरण विभागात वरिष्ठांची विचारपद्धती जवळून दिसते, ओळखी होतात, हे खरंच मोलाचं आहे. पण ज्याला स्वतःचा व्यवसाय चालवायचा आहे त्याने नफ्यातोट्याजवळची जागा धरावी, असं माझं ठाम मत आहे. नेतृत्वाची खरी तालीम तिथे होते.

त्याने वितरणाची जागा घेतली. कर्जाचा हप्ता जाऊन घरखर्च कसा बसेल, हे कागदावर मांडून वडिलांना दाखवलं, तेव्हा त्यांचा विरोध मावळला. नेमणुकीच्या करारात बाहेरच्या व्यवसायाविषयी आणि नोकरीत असताना सुचलेल्या कल्पनांच्या मालकीविषयी काय अटी आहेत, हे सही करण्याआधी त्याने वकिलाकडून तपासून घेतलं. ही पायरी फार जण गाळतात.

सुट्टीच्या दिवशी तो आणि मित्र संभाव्य ग्राहकांना भेटत राहिले. मूळ कल्पना कुणालाच नको होती. मित्र दुसऱ्या क्षेत्रात गेला. याला मात्र कामातच परत येणाऱ्या मालाची मोठी अडचण सापडली आहे आणि वेगळ्या क्षेत्रातल्या दोन व्यापाऱ्यांनी त्यावरच्या त्याच्या उपायाच्या चाचणीसाठी पैसे भरले आहेत. नोकरी त्याने अजून सोडलेली नाही.

हाच सल्ला मी सर्वांना देत नाही. एका मुलीकडे शिकत असतानाच पैसे देणारे ग्राहक होते, मागणी तिला पुरी करता येत नव्हती आणि डोक्यावर कर्ज नव्हतं. तिला मी नोकरीच्या मुलाखती थांबवायला सांगितल्या.