शब्द कळत नाहीत, गाणी सारखी वाटतात: श्रोत्यांच्या अशा मतांचं करायचं काय

तुमच्या नुकत्याच बाहेर आलेल्या अल्बमबद्दल जमलेली मतं थोडक्यात अशी: शब्द नीट कळत नाहीत, सगळी गाणी एकसारखी वाटतात, दुसऱ्या कुणाच्या गाण्यानंतर तुमचं लागलं की आवाज एकदम बारीक होतो, आधीचा डेमोच बरा होता, आणि चौथं गाणं काहींना सगळ्यांत आवडलं, तर काहींना ते ऐकणंच सोसलं नाही. नऊ गाणी, घरी रेकॉर्ड केलेली, गिटार आणि आवाज मुख्य, दोन-तीन ठिकाणी बेस आणि कीबोर्ड. यातलं कुणाचं ऐकायचं, हा तुमचा प्रश्न.

श्रोता जिथे अडखळला ती जागा खरी असते. का अडखळला याचं त्याने दिलेलं कारण मात्र बहुतेक वेळा अंदाज असतो. ‘गाणाऱ्याचा आवाज वाढवा’ म्हणणाऱ्याचा एखादा शब्द निसटलेला असतो. ‘ड्रम्स हवे होते’ म्हणणाऱ्याला दुसऱ्या कडव्यात नवं काहीच घडलं नाही हे जाणवलेलं असतं, फक्त ते त्याला सांगता येत नाही. म्हणून ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न बंद करा. त्याला ‘छान’ याखेरीज उत्तर येत नाही, आणि ओळखीच्या माणसाकडून तर नाहीच. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा: कशावर ऐकलं, कुठे लक्ष उडालं (गाणं आणि साधारण मिनिट), आणि दुसऱ्या दिवशी, न ऐकता, कोणती ओळ आठवते.

कशावर ऐकलं हे आधी विचारायचं, कारण अर्धी भांडणं तिथेच मिटतात. फोनच्या स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही येत नाही, त्यामुळे तिथे बेस नसल्यातच जमा. शिवाय एकाच माइकवरची गिटार कॉपी करून, थोडी सरकवून डाव्या-उजव्या बाजूला टाकली असेल, तर हेडफोनवर ती रुंद आणि छान वाटते, पण दोन्ही बाजू मोनोत, म्हणजे एकाच स्पीकरमधून, एकत्र आल्या की काही पट्टे एकमेकांना खाऊन टाकतात आणि गिटार पोकळ होते. ‘गिटार पातळ आहे’ आणि ‘गिटार फार मोठी आहे’ ही दोन्ही मतं एकाच मिक्सबद्दल (सगळे ट्रॅक एकत्र जुळवलेल्या गाण्याबद्दल) खरी असू शकतात. मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या चॅनलवर, मोनोचं बटण दाबून एकदा सगळ्या गाण्यांचा थोडाथोडा भाग ऐका, दहा मिनिटांत निकाल लागतो.

आता शब्द. यावर वेळ घालवा, कारण ज्या अल्बममध्ये गिटार आणि शब्द एवढंच आहे त्यात शब्दच गेले तर फारसं काही उरत नाही. आधी चाचणी. स्वतः ऐकून काही कळणार नाही. शब्द तुम्हाला पाठ आहेत, मेंदू गाळलेल्या जागा भरतो. ज्यांनी गाणं कधी ऐकलेलं नाही अशा तिघांना तेच एक कडवं द्या आणि ऐकून लिहून काढायला सांगा. तिघांचीही जिथे चूक झाली तिथे दोष तुमच्या बाजूचा. एकाचीच झाली तर सोडून द्या.

चुकलेल्या जागा हातात आल्या की पहिलं पाहायचं ते चालीकडे, मिक्सकडे नंतर. ‘उरलेले दिवस’ अशी ओळ असेल आणि श्वास ‘उरले’ नंतर घेतला असेल, तर ऐकणाऱ्याने ‘उरले’ हा पुरा शब्द मानून घेतलेला असतो; पुढचं ‘ले दिवस’ त्याला कळत नाही आणि ते सोडवण्यात पुढची ओळही हातची जाते. जगातला कुठलाही इक्वलायझर (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणारं साधन) हे दुरुस्त करणार नाही. श्वासाची जागा बदलून ती ओळ पुन्हा गावी लागते. ऱ्हस्व अक्षरावर लांब स्वर ठेवला की हाच प्रकार होतो. अशा चार-पाच ओळी निघाल्या तर तेवढ्याच पुन्हा गा. माइक तोच, अंतर तेच, आणि शक्यतो दिवसातली वेळही तीच, कारण सकाळचा आणि रात्रीचा गळा जोडलेला कळतो.

चाल ठीक असून शब्द जात असतील तर मग मिक्स. व्यंजनांची ओळख मुख्यतः २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पटते आणि स्टीलच्या तारांची स्ट्रमिंग नेमकी तिथेच चमकते. आवाजाचा फेडर (पातळीची सरकपट्टी) वर नेण्याआधी गिटारला ३ किलोहर्ट्झच्या आसपास रुंद हाताने, म्हणजे क्यू (पट्टा किती रुंद ते ठरवणारा आकडा) १ च्या जवळ ठेवून, २-३ डेसिबल कमी करा. आवाजाला ८० ते १०० हर्ट्झवर लो-कट (त्याखालचं कापणारा फिल्टर) लावा. कार्डिऑइड (समोरचं जास्त पकडणाऱ्या) माइकपासून दहा सेंटिमीटरच्या आत गायला असाल तर जवळिकीमुळे खालचा पट्टा फुगतो. मग २०० ते ३५० हर्ट्झमध्ये कुठे गढूळ होतंय ते शोधून तिथे २-४ डेसिबल काढा. एवढ्यानेच पुष्कळदा काम होतं.

कॉम्प्रेसर (जोरातला आवाज आपोआप दाबणारं साधन) तपासा. अटॅक, म्हणजे तो दाबायला किती लवकर लागतो ते, एक मिलिसेकंदावर असेल तर शब्दाची सुरुवातच चेपली जाते आणि ‘त’, ‘क’, ‘ट’ बोथट होतात. १० ते २० मिलिसेकंद, गुणोत्तर ३:१, जोरात गातानाच्या जागी ४-६ डेसिबल घट, इथून सुरुवात करा. तरीही ओळीची शेवटची अक्षरं बुडणारच, कारण तिथे श्वास संपत आलेला असतो. ती हाताने उचलायची: क्लिप गेन (ध्वनीच्या कापलेल्या तुकड्याची पातळी) घेऊन फक्त ते अक्षर ३ डेसिबल वर. कंटाळवाणं काम आहे, एका गाण्याला तासभर जातो, पण महागड्या प्लगइनपेक्षा यानेच जास्त फरक पडतो. रिव्हर्ब लावला असेल तर प्री-डिले ३० ते ६० मिलिसेकंद ठेवा, म्हणजे शब्द आधी पोचतो आणि घुमणं मागून येतं. रिव्हर्बच्या परतीच्या चॅनलवर २५०-३०० हर्ट्झच्या खालचं कापा. दुहेरी गायलेल्या ओळींत दुसऱ्या आवाजातले ‘स’, ‘श’, ‘च’ पुसट करा. दोन ‘स’ एका वेळी पडत नाहीत आणि तीच सळसळ शब्दावर बसते.

शेवटी आवाज इतका कमी करून ऐका की गाणं जेमतेम ऐकू येईल. कान हळू आवाजात खालचे आणि वरचे पट्टे कमी पकडतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेखच मांडले होते. उरतो तो मधला पट्टा, म्हणजे शब्दांचा. त्या पातळीवर शब्द कळत असतील तर मिक्स जमलं.

‘सगळी गाणी एकसारखी’ हे मत मनाला लागतं, पण सर्वांत उपयोगाचं तेच आहे. एक कागद घ्या. नऊ ओळी आखा आणि प्रत्येक गाण्यापुढे लिहा: पट्टी, कॅपो (गिटारच्या तारांवर लावायचा चिमटा) कितव्या घरात, कॉर्डचे आकार कोणते, बीपीएम (मिनिटाला किती ठोके), ताल, पहिला शब्द कितव्या सेकंदाला येतो, सर्वांत वरचा स्वर कोणता आणि तो गाण्यात कुठे येतो. बहुतेकांच्या कागदावर असं काहीसं निघतं: नऊपैकी सहा गाणी जी-सी-डी-ई मायनरच्या आकारांत, टेम्पो ८४ ते ९२, सगळं ४/४ (चार मात्रांचं आवर्तन), आणि प्रत्येकाच्या आधी आठ आवर्तनं गिटार. ८८ बीपीएमला ही आठ आवर्तनं साधारण २२ सेकंद खातात. नऊ वेळा तीच २२ सेकंदं ऐकलेला माणूस ‘सारखी वाटतात’ म्हणणारच, चाली कितीही वेगळ्या असल्या तरी.

कॅपो सरकवून पट्टी बदलली म्हणजे रंग बदलला असा एक गैरसमज आहे. आकार तेच, मोकळ्या तारा त्याच नात्यात वाजतात, घडण तीच राहते. बदल जाणवतो तो दुसऱ्या ट्यूनिंगने (डी-ए-डी-जी-ए-डी घेऊन पाहा), स्ट्रमिंगऐवजी बोटांनी छेडून, किंवा एखादं पूर्ण कडवं गिटारच काढून टाकून. सगळ्या गाण्यांना आवाजाची एकच साखळी आणि एकच रिव्हर्ब प्रीसेट दिलं असेल तर तेही या ‘सारखं’मध्ये धरा. एक गाणं अगदी कोरडं ठेवून पाहा.

पुन्हा रेकॉर्ड न करता दोन गोष्टी लगेच होतात. पहिली, सुरुवाती कापणं. तीन-चार गाण्यांत आठची दोन आवर्तनं करा, एखादं थेट आवाजावर उघडा. काप समेवरच्या बेसच्या तारेच्या ठोक्याआधी जेमतेम काही मिलिसेकंद घ्या, १० मिलिसेकंदांचा फेड द्या. जोड घ्यायचा असेल तर आधीच्या स्वराची शेपूट तुटत नाही ना ते हेडफोनवर ऐका. क्लिकशिवाय (कानात ठेका न घेता) वाजवलं असेल तर सॉफ्टवेअरच्या मात्रांच्या रेघांवर (ग्रिडवर) विसंबू नका, तरंगाकडे पाहून काप घ्या. दुसरी, क्रम. एकच पट्टी आणि पाचेक बीपीएमच्या आतला टेम्पो असलेली दोन गाणी शेजारी नकोत. तो कागद कापून नऊ चिठ्ठ्या करा आणि टेबलावर सरकवा. पहिल्या जागी सर्वांत गहन गाणं ठेवायचा मोह होतो, तो आवरा. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी ३० सेकंद ऐकल्यावर ऐकणं मोजलं जातं, हा एक भाग. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे नवख्या श्रोत्याला आधी तुमचा आवाज ओळखीचा व्हावा लागतो, मग तो जड गाणं सोसतो.

आवाज बारीक असल्याच्या तक्रारीत बरंच गणित आहे, पण उपाय छोटा आहे. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं) आसपास सगळ्यांना आणतं. त्याहून मोठं असेल ते खाली ओढलं जातं, लहान असेल ते वर उचललं जातं, पण शिखरं आडवी येईपर्यंतच. यूट्यूब मोठं खाली आणतं, लहान वर नेत नाही. तुमचं मास्टर उणे १९ वर असेल आणि चार-पाच जोरकस ठोक्यांची शिखरं उणे १ ला टेकलेली असतील, तर उचलायला जागाच नाही. तेवढेच ठोके क्लिप गेनने ३-४ डेसिबल खाली बसवा, मग लिमिटर (शिखरं ठरलेल्या मर्यादेत रोखणारं साधन) हलका लावा. ट्रू पीक (प्रत्यक्ष वाजताना येणारं सर्वांत वरचं शिखर) उणे १ ठेवून उणे १५-१४ पर्यंत सहज याल. उणे ८ पर्यंत चेपण्यात अर्थ नाही, परत खालीच यायचंय आणि गिटारचा जीव जातो तो वेगळाच. मात्र नऊच्या नऊ गाणी एकाच आकड्यावर आणू नका. एकटी गिटार असलेलं गाणं आणि बेस-कीबोर्ड असलेलं गाणं एकाच एलयूएफएसवर ठेवलं तर पहिल्यातला गळा उगाच मोठा होतो. गाण्यागणिक गळा सारखा ऐकू यायला हवा, आकडे दोन-तीनने इकडेतिकडे झाले तरी चालतात. अल्बम सलग ऐकताना स्पॉटिफाय सगळ्या गाण्यांना एकच बदल लावतं, त्यामुळे हा चढउतार टिकतो.

डेमोबद्दलचं मत दोन्ही फाइली सारख्या पातळीवर आणल्याशिवाय मानू नका. एखाद्या डेसिबलने मोठं असलेलंही ‘जास्त चांगलं’ वाटतं. तरीही डेमोच जिंकत असेल तर टेम्पो आणि पट्टी ताडून पाहा. अंतिम रेकॉर्डिंगला लोक नकळत गाणं चार-पाच बीपीएमने पळवतात, किंवा गळा शब्दाशब्दाने जोडतात आणि ओळीचा श्वास हरवतो. तसं असेल तर त्या गाण्याची आवाजाची ओळ सलग घेतलेल्या एकाच टेकमधून घ्या, एखादा स्वर किंचित कमी लागला तरी.

चौथ्या गाण्याला हात लावू नका. ज्यावर दोन तट पडतात त्या गाण्यात काहीतरी आहे. काळजीची गाणी वेगळी आहेत: तुम्ही उतरवलेल्या मतांमध्ये सहावं, सातवं आणि आठवं यांचं नावसुद्धा नाही. ती वाईट असती तर कुणीतरी बोललं असतं. त्यांच्याकडे तो कागद घेऊन पाहा. तिन्ही एकाच पट्टीत असतील किंवा तिन्हींच्या चाली सारख्याच उंचीच्या असतील तर मधलं काढून आठ गाण्यांचा अल्बम करणं हाही उपाय आहे, आणि माझ्या मते चांगला.

अल्बम आधीच बाहेर आहे म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. मिक्स बदललेलं गाणं नवं ध्वनिमुद्रण धरलं जातं आणि त्याला नवा आयएसआरसी (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख-क्रमांक) लागतो. जुने प्ले आपोआप नव्या फाइलला चिकटतील असं गृहीत धरू नका. फाइल बदलण्याआधी वितरकाला (ज्याच्यामार्फत अल्बम बाहेर आला त्याला) लेखी विचारा आणि जुनी फाइल उत्तर येईपर्यंत उतरवू नका. शब्द जाणारी दोन-तीन गाणी, लहान केलेल्या सुरुवाती आणि पातळी एवढंच आत्ता घ्या. ट्यूनिंग आणि मांडणीचे बदल पुढच्या रेकॉर्डिंगसाठी त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा.