घरी मशीन कोणतं आहे, ते आधी विचार

बाळ,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तू लॅमिंग्टन रोडला व्हिडिओ गेमच्या दुकानात लागतेस, असं वहिनींनी फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. माझी उमेदीची वर्षं त्याच रस्त्यावर गेली, म्हणून चार गोष्टी लिहून कळवतो. गेममधलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यात मी पडत नाही. दुकानदारीचं तेवढं सांगतो.

समोर उभा असलेला माणूस पुष्कळदा स्वतः खेळणारा नसतो. आई असते, मामा असतो, ऑफिस सुटल्यावर ग्रँट रोडला उतरून घाईघाईनं आलेले वडील असतात. मुलानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला बॉक्सचा फोटो ते पुढे करतात. तो बघून लगेच रॅककडे वळू नकोस. आधी विचार, "घरी मशीन कोणतं आहे?" पीएस फाइव्ह, म्हणजे प्लेस्टेशन ५, म्हणाले तरी पुढे विचार, की त्याला डिस्क घालायची फट आहे का? त्याच्या डिजिटल एडिशनला ती मुळात नसते, प्रो मॉडेललाही नसते, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एसलाही नसते. त्यांना सांगता आलं नाही तर घरी फोन लावायला लाव, मुलाला मशीनचा फोटो पाठवू दे. सील फोडलेली डिस्क परत आली की ती सेकंडहँड झाली, आणि त्याचा फटका विकत घेणाऱ्याला बसतो. चार-पाच हजारांची वस्तू आहे ती. कुणाच्या तरी बोनसमधून आलेली असते.

मग घरच्या नेटबद्दल विचार. डिस्क घेतली म्हणजे नेट लागत नाही, असा लोकांचा समज असतो. कित्येक मोठे गेम डिस्क घातल्यावरही नेटवरून शंभर जीबीच्या आसपास उतरवायला लावतात. ज्या घरात मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर सगळं चालतं, तिथे असला गेम दिलास तर पोराचा वाढदिवस डाउनलोडच्या पांढऱ्या पट्टीकडे बघण्यात जाईल. अशा घराला डिस्कवरच पूर्ण असलेला, एकट्यानं खेळायचा गेम दे. त्यात दुकानाला कमी सुटले तरी चालतील.

आता सेकंडहँड डिस्क. धंद्याचा जीव त्यातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डिस्क हातात आली की कडेनं धर आणि ट्यूबलाइटखाली तिरकी कर. आधी मधल्या भोकाभोवतीचं प्लास्टिक बघ. तिथे केसासारखी चीर असेल तर घेऊ नकोस, ती फिरता फिरता वाढत जाते. मग चरे बघ. पीएस टूचे बहुतेक गेम डीव्हीडीवर असत. डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो, म्हणून वरचा चरा घासून काढता यायचा. पीएस थ्रीपासून ब्ल्यू-रे आली आणि तो थर अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आला. वर कडक लेप असतो, त्यामुळे ती सहजी खरवडत नाही. पण एकदा खोल चरा गेला की संपलं. पॉलिश मारून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. बोटांचे डाग मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसायचे, गोल गोल पुसायचं नाही.

आणि चाचणी. डिस्क घातली, लोगो आला, म्हणजे झालं असं मुळीच नाही. पीएस फोर गेम आधी डिस्कवरून स्वतःच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून घेतं आणि नंतर डिस्क फक्त ओळखीपुरती तपासतं. दुकानाच्या मशीनवर तोच गेम आधीपासून पडलेला असेल, तर सडलेली डिस्कसुद्धा झकास चालल्यासारखी दिसेल. म्हणून जुनी कॉपी उडव, डिस्क घाल आणि कॉपी शंभर टक्के होईपर्यंत थांब. खराब जागा असेल तर गाडी तिथेच अडते. गर्दीच्या वेळी मालक म्हणतील, "घेऊन टाक." तेव्हा विकणाऱ्याला अर्ध्या तासानं यायला सांग, पण न तपासता पैसे देऊ नकोस.

भाव सांगताना मुलांशी खरं बोल. फुटबॉलचा गेम दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटी-शेवटी नवा येतो. २०२३ पासून त्याचं नाव ईए स्पोर्ट्स एफसी झालं, तरी पोरं अजून फिफाच म्हणतात. नवा आला की जुना पडून राहतो. ऑगस्टमध्ये कुणी जुना घ्यायला आला तर महिन्याभरात त्याचे किती मिळतील, ते आधीच सांग. उलट जीटीए फाइव्ह हा गुन्हेगारीवरचा गेम २०१३ चा, पण त्याला वर्षानुवर्षं गिऱ्हाईक आहे.

जुनं मशीन घेताना बिल माग, ओळखपत्र माग, बॉक्सवरचा आणि मशीनवरचा नंबर ताडून बघ. विकणाऱ्याचं खातं त्याच्यासमोर काढून मशीन रीसेट कर. शाळकरी पोरगा एकटा मशीन विकायला आला तर गोड बोलून परत पाठव, आईवडिलांना घेऊन ये म्हणावं. कंट्रोलर लावून हात काढून घे आणि पडद्याकडे बघ. कुणी हात न लावता कॅमेरा आपोआप सरकत असेल तर अंगठ्यानं फिरवायची स्टिक झिजली आहे. "थोडंसं आहे, चालून जाईल" हे वाक्य तुझ्या तोंडून कधी निघू देऊ नकोस.

दहा वर्षांच्या मुलासाठी जीटीए मागणारे वडील तुला आठवड्याला भेटतील. बॉक्सवरचा १८ चा शिक्का त्यांना दाखव आणि गेममध्ये काय काय आहे ते त्यांच्या भाषेत, न लाजता सांग. ठरवायचं त्यांनी. पण घरी गेल्यावर धक्का बसायला नको.

२ फेब्रुवारी २०२१ ला पीएस फाइव्ह आपल्याकडे आलं, तेव्हा माल इतका तुटपुंजा होता की लोक ४९,९९० च्या वर वाट्टेल ते मोजायला तयार होते. असे दिवस पुन्हा येतील. एमआरपीच्या वर एक रुपया घ्यायचा नाही. वहीत नावं ज्या क्रमानं लिहिलीस, त्याच क्रमानं माल द्यायचा, मग ओळखीचा असो वा नसो.

तू मुलगी आहेस म्हणून काही जण तुला ओलांडून मागच्या पोराला विचारतील. काही तुझी परीक्षा घेतील. राग येईल, यायलाच हवा. पण उत्तर तूच दे, नीट आणि शेवटपर्यंत. माहीत नसेल तिथे "थांबा, बघून सांगते" म्हण आणि खरंच बघून सांग. तेच लोक पुढच्या खेपेला तुला शोधत येतात, हे मी तिथे काम केलेल्या मुलींच्या बाबतीत पाहिलं आहे.

डेमोच्या मशीनपाशी रेंगाळणाऱ्या, खिशात पैसे नसलेल्या पोरांना हाकलू नकोस. पाळी लावून दे.

जेवण वेळेवर कर, रविवारी तर दुकान उघडण्याआधी पोटभर खाऊनच जा. मऊ तळव्याचे बूट घे. माझ्याकडे टी-८ सिक्युरिटीचे, म्हणजे मधे भोक असलेल्या चांदणीच्या आकाराच्या टोकाचे स्क्रूड्रायव्हर पडून आहेत, मशीन उघडून धूळ काढायला लागतील. शनिवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा. जुना पीएस फोरही काढून ठेवतो, एकदा माझ्यासमोर उघडून बघ.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका